किडकी वांगी मागणारे सर

नाशिकच्या भाजीबाजारात मी तीस वर्षं काढली, हातगाडीपासून स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो, पण ज्याच्याशी घासाघीस करताच येत नाही असा माणूस मला एकच भेटला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा प्राणिशास्त्राचा प्रोफेसर निघाला. गिऱ्हाईक कसंही असो, त्याने पिशवी उघडायच्या आत त्याला काय हवंय ते मला कळतं. भाव ऐकून चार पावलं पुढे गेलेल्या माणसाला नेमकी कधी हाक मारायची, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण या गृहस्थांना फायदा कशात वाटतो आणि तोटा कशात, हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यांनी माझ्यावर एक अन्याय केला आहे, तो सांगणारच आहे; पण आधी माणूस कसा आहे ते ऐका, म्हणजे माझा राग उगाच नाही हे पटेल.

पहिल्यांदा आले तेव्हा रविवार सकाळची ऐन गर्दी होती. उंच, काटकुळे, शर्टाच्या दोन्ही खिशांत काचेच्या बारक्या बाटल्या, त्या चालताना किणकिणत होत्या. आले आणि चारचौघांत खणखणीत आवाजात म्हणाले, "तुमच्याकडे किडकी वांगी चांगली मिळतात असं ऐकलंय." समोर बसून वांगी निवडणाऱ्या दोन बायकांनी हातातली वांगी टाकली आणि पुढच्या गाळ्याकडे निघाल्या. माझं डोकं सटकलं. चिडलो की माझ्या तोंडात गावची बोली येते. "कुणी सांगितलं ओ तुम्हाला? माझा माल एक नंबर हाय!" त्यावर त्यांचा चेहरा एकदम पडला. "असं? म्हणजे एकही किडकं नाही?" मग बाजूला काढून ठेवलेली टोपली त्यांना दिसली. तिथे उकिडवे बसून ते मोठी भोकं पडलेली वांगी वेचू लागले. हे बघून मी आणखीच तापलो. "अहो, भोक पडलं म्हणजे अळी कवाच निघून गेली. रिकामं घर नेऊन काय करताय? हे घ्या. वर भोक नाय, पण देठाच्या कडेला काळा ठिपका बघा. हातात हलकं लागतंय. ह्यात हाय अळी." त्यांनी खिशातून चाकू काढून वांगं चिरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. ते अळीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले.

पुढे जे झालं ते बाजारात कधी झालं नसेल. मी म्हणालो, फुकट न्या, नाहीतरी मी ती गुरांना टाकतो. ते म्हणाले, "छे छे! निवडून दिलीत. चांगल्या वांग्यांपेक्षा जास्त भाव घ्या." मी खाली यायचो, ते वर चढायचे. शेवटी आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी ते देतील तेवढे पैसे घेतले. शेजारी कोथिंबीर विकणाऱ्या मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शेठ, उद्यापासून माझ्या सडक्या जुड्या पण मांडू का पुढं?" त्या गडबडीत, दर रविवारी गाळ्यावर मदतीला येणाऱ्या माझ्या धाकट्या मुलीच्या हातात या गृहस्थांनी आपलं भिंग दिलं आणि ती अळी दाखवली. माझ्यावरचा अन्याय तो हाच. पोरगी बारावीला होती. तिने फार्मसी करायची आणि हॉस्पिटलसमोर दुकान टाकायचं, हे मी केव्हाच ठरवलं होतं. जागासुद्धा बघून ठेवली होती. निकाल लागला आणि तिने परस्पर बीएस्सीला, तेही या सरांच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राला नाव घातलं. घरात आठ दिवस मी कोणाशी बोललो नाही. बायको म्हणाली, "बरं झालं, तेवढीच शांतता."

मग रोज घरात सरांच्या कथा. सर तीन आठवडे पायी कॉलेजला येतात, कारण स्कूटरच्या किल्लीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. कोणी म्हणालं, सर, सुईने काढून टाकू. तर सर म्हणाले, "तिचं बांधकाम सुरू आहे, आणि मला चालता येतं." प्रयोगशाळेतल्या पालीला ते 'सीनियर मॅडम' म्हणतात आणि दिवा लावताना तिला सांगून लावतात. वर्गात हजेरी घेण्याआधी खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर कोण कोण आलंय ते मोजतात, आणि खार दिसली नाही तर ज्या चिंतेने चौकशी करतात त्या चिंतेने गैरहजर मुलांची करत नाहीत. पोरीने बोलावलं म्हणून आमच्या घरी सत्यनारायणाला आले, तर प्रसादाच्या रांगेत अर्धा तास खोळंबा. पुढे जाऊन बघतो तर सर जमिनीवर ओणवे, दोन्ही हात पसरून रांग अडवलेली. सांडलेल्या शिऱ्याचा पत्ता एका मुंगीला लागला होता, आणि ती बाकीच्यांना कधी सांगते ते त्यांना बघायचं होतं. "पाय देऊ नका, आत्ताच निरोप पोचलाय!" भटजी, पाहुणे, मी, सगळे त्या मुंग्यांकडे बघत उभे. आणि खरं सांगतो, पाच मिनिटं मीही राग विसरलो, कशासाठी ते मात्र कळलं नाही.

पण पोरीच्या शिक्षणाचं कोडं काही सुटेना. संध्याकाळी विचारायचो, आज काय शिकवलं?

"आज दोन तास गोगलगायी बघितल्या, पप्पा."

"मग?"

"मग काय?"

"पुढं काय झालं?"

"त्या भिंतीच्या पलीकडे गेल्या."

बेडूक कापायचंही आता बंद, तो म्हणे कम्प्युटरवर बघायचा. हरसूलच्या डोंगरात सहल गेली, तर मुलं ओढ्यातले खेकडे पकडून, मापून परत सोडून आली. पकडलेलं सोडायचं आणि त्याला मार्क मिळतात! दुसरं वर्ष सुरू झालं तसा माझा धीर संपला. फार्मसीला अजून जागा मिळत होती. मी कॉलेज सोडल्याचा अर्ज तिच्या नावाने टाइप करून घेतला आणि एका सोमवारी थेट त्यांच्या विभागात जाऊन उभा राहिलो. काय काय बोलायचं ते रस्ताभर घोकत आलो होतो.

सर दारातच भेटले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आलात! निरोप पोचला म्हणायचा!" मला कसला निरोप? मागून कळलं, वर्गापुढे येऊन बोला म्हणून त्यांनी मुलीकडे तीनदा निरोप दिला होता आणि माझ्या रागाला भिऊन तिने तो दाबून ठेवला होता. मी "अहो, मी त्यासाठी" एवढं म्हणेपर्यंत सरांनी मला ओढत वर्गात नेलं होतं. समोर चाळीस मुलं. भिंतीशी बरण्यांत साप, एका कोपऱ्यात माकडाचा सांगाडा, आणि मधोमध मी. सर म्हणाले, "ह्यांना वांगं न कापता आतलं दिसतं. मला ते अजून जमलेलं नाही." टेबलावर वांगी मांडलेली. आता माल समोर असताना मी गप्प कसा बसणार? मी एक उचललं. मग सुटलोच. देठ, ठिपका, वजन, पेठ तालुक्याकडचा माल आणि गोदाकाठचा माल, टोमॅटोतली अळी, गवारीवरचा मावा, थंडीत काय होतं, ढगाळ हवेत काय होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. तिसऱ्या बाकावर माझी पोरगी मान खाली घालून माझं बोलणं वहीत उतरून घेत होती. घरात मी इतकी वर्षं बोलतोय, त्यातलं एक अक्षर तिने कधी लिहून घेतलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा मला अर्ज आठवला. सरांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, चष्मा काढला. "हा तिने लिहिलाय?"

"मी लिहिलाय."

"तिला माहीत आहे?"

मी मागे वळून बघितलं. पोरगी दाराशी आली होती. सर म्हणाले, "मी अडवणार नाही. तुम्ही वडील आहात. फक्त इथे, माझ्यासमोर, तिला एकदा विचारा."

बाजारात मी दिवसाला शंभर माणसांना 'काय पाहिजे?' म्हणून विचारतो. तिला मात्र ते पहिल्यांदाच विचारलं. "काय करायचं तुला?"

"मला हेच शिकायचंय, पप्पा." नजर माझ्यावरून हलली नाही. असं बघणारं गिऱ्हाईक आपला भाव सोडत नाही, हे मी ओळखतो. सरांच्या हातातून कागद परत घेतला, घडी घातली आणि तरातरा निघून आलो. फार्मसीची मुदत त्याच आठवड्यात संपली.

यंदा ती एमएस्सीला पुण्याला गेली. सकाळच्या बसला सोडायला गेलो, तर स्टँडवर सर आधीच हजर. त्यांनी तिला बसमध्ये बसवलं, खाली उतरले, परत चढले, परत उतरून खिडकीतून "दुपारपर्यंत पोचशील ना?" हे चार वेळा विचारलं. जे मला विचारायचं होतं ते सगळं त्यांनीच विचारून टाकलं, म्हणून मी नुसता उभा. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी इतक्या दिवसांचं बोलून टाकलं, "सर, माझी पोरगी नेलीत तुम्ही."

ते रिकाम्या फलाटाकडे बघत होते. मग म्हणाले, "मी कुठे नेली? ती आपल्या दोघांच्याही हातची गेली." चष्मा पुसत म्हणाले, "दरवर्षी येतो इथे, कोणी ना कोणी निघतंच. अजून सवय होत नाही."

मी चहा घेऊ म्हटलं, ते बरं म्हणाले, आणि आम्ही दोघं टपरीवर शेजारी शेजारी उभे राहिलो. माझा राग अजून गेलेला नाही. फक्त तो कोणावर काढायचा, ते आता कळत नाही.