आपत्ती नाही

एका मुलीने बरोबर लिहिलेला शब्द मी लाल पेनाने खोडला, त्या जागी चुकीचा लिहिला, आणि वर तिला सांगितलं की हा चार जणांकडून तपासून घेतलाय.

मुलगी उदगीरकडची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली, परीक्षेला बसायची ही शेवटची संधी. बाकीचे विषय तिचे तिने केले होते. धास्ती होती ती भारतीय भाषेच्या सक्तीच्या पेपरची. त्यात नापास झालं की इतर पेपर कोणी तपासतच नाही, आणि तिच्या खोलीतली मैत्रीण मागच्या वर्षी नेमकी तिथेच अडकली होती. म्हणून दर रविवारी दोन बस बदलून ती आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटवर मराठी भाषांतराचे उतारे तपासून घ्यायला यायची.

मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षणाचं काम पाहत होतो. घरी ब्रॉडबँड नुकतं आलं होतं आणि कार्यालयात माझ्या टेबलावर कनेक्टिव्हिझम नावाच्या शिक्षण-सिद्धांतावरचं टिपण. सिद्धांताचं सार असं की माहिती इतक्या झपाट्याने जुनी होते की ती डोक्यात साठवून उपयोग नाही. शिकायचं म्हणजे माणसांशी, यंत्रांशी, माहितीच्या साठ्यांशी जोडण्या करायच्या आणि त्या चालू ठेवायच्या. ज्ञान एका डोक्यात नसतं, जाळ्यात असतं. ज्याच्या डोक्यात फारसं काही राहत नाही अशा माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. जाळ्यातली माणसं एकमेकांपेक्षा वेगळी हवीत, असंही त्या टिपणात होतं. ते वाक्य मी अधोरेखित केलं होतं.

तर इंग्रजी उताऱ्यात होतं की गावकऱ्यांनी नव्या रस्त्याला विरोध केला नाही. तिने लिहिलं, ‘रस्त्याला गावकऱ्यांची हरकत नव्हती.’

दिल्लीत वीस वर्षं काढल्यावर ‘हरकत’ म्हटलं की मला आगाऊपणा ऐकू यायचा. सोसायटीचा चौकीदार पोरांना ओरडायचा, ‘ये क्या हरकत है.’ उलट कार्यालयात रोज दहा फायलींवर मी ‘कोई आपत्ति नहीं’ लिहून सही करत होतो. आमचा फ्लॅटसुद्धा अनापत्ति प्रमाणपत्रावर, म्हणजे एनओसीवर मिळालेला. मी दुरुस्त केलं: ‘गावकऱ्यांची आपत्ती नव्हती.’

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. “काका, आपत्ती म्हणजे पूर, भूकंप ना?”

“तो एक अर्थ झाला. थांब, जाळ्याला विचारू.”

दिल्लीतल्या मराठी मंडळींचा आमचा एक ईमेल गट होता. मी प्रश्न टाकला. पुढच्या रविवारपर्यंत चार उत्तरं आली, चारही आपत्तीच्या बाजूने. एकाने तर लिहिलं, ‘बिल्कुल आपत्ती. हरकत शब्द अच्छा नाही वाटत.’ मी चारही उत्तरं छापून तिच्यापुढे ठेवली आणि जोडण्यांवर तिला अर्धा तास ऐकवलं. चहा गार झाला. पेपर गुरुवारी होता.

तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “मी आईला एक फोन करू का?”

त्या फोनमुळे ती त्या पेपरात पास झाली. माझ्यामुळे नाही.

आई त्यांच्या ग्रामपंचायतीत लिपिक होत्या. त्यांचा आवाज फोनबाहेरही स्वच्छ ऐकू येत होता. “अगं, परवाच नोटीस लावलीय मी फळ्यावर. हरकती असल्यास आठ दिवसांत कळवाव्यात. आपत्ती कशाला कळवतील लोक? कोणी सांगितलं तुला हे?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. ते तिने मुद्दाम केलं असावं.

मी नमस्कार केला. म्हटलं, “तसं नाही ताई, मी एकट्याने नाही ठरवलं. आजकाल शिकायची पद्धत बदललीय. चार वेगवेगळ्या माणसांना विचारूनच सांगितलं मी.”

“कुठली माणसं?”

“इथलीच. दिल्लीची.”

“किती वर्षं झाली त्यांना तिकडे?”

“असतील वीस-पंचवीस. माझ्यासारखीच.”

“मग एकाच माणसाला चारदा विचारलंत की तुम्ही,” त्या म्हणाल्या. “द्या, पोरीला फोन द्या.”