टिलबर्गचा लंबकर्ण

रॅकूनची शिकार करणारा कुत्रा मी अशा देशात पाळला, जिथे रॅकून औषधाला सापडला तर सापडतो. रॅकून म्हणजे डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेल्या दरोडेखोरासारखा दिसणारा, मांजरापेक्षा थोराड प्राणी. लोकांच्या कचऱ्यावर जगतो आणि चाहूल लागली की झाडावर चढून बसतो. मूळचा अमेरिकेचा, पण जर्मनीत माजलाय, आणि तिथून एखादा चुकार इकडे डच हद्दीतल्या लिंबुर्गात उतरतो. तिथल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने अशा चुकारांसाठी हा कुत्रा आणला होता. आता म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, तो वृद्धाश्रमात निघाला होता आणि तिथे कुत्र्याला जागा नव्हती.

जाहिरात बायकोने पाहिली आणि कान बघूनच ती विरघळली. कान कसले, उपरणीच ती. पाणी प्यायला वाकला की आधी कान भिजायचे, मग जीभ.

आम्ही विकत घ्यायला गेलो, तर म्हाताऱ्याने माझ्या सासऱ्यांनीही केली नव्हती अशी चौकशी आरंभली.

"बाग आहे?"

"आहे की," मी म्हणालो. "मागे थेट जंगलच."

बाग आमची पोळपाटाएवढी, आणि जंगल म्हणजे कुंपणापलीकडची शेजाऱ्याची खुरटी झाडं. बायकोने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"हा झाडाखाली उभा राहून ओरडेल," म्हातारा म्हणाला. "तुम्ही येईपर्यंत थांबणार नाही. तेव्हा तुम्ही जायचं. वर काही नसलं तरी जायचं."

मग त्याने कुत्र्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि आमच्याकडे न बघता आत निघून गेला. आमचं टिलबर्ग येईपर्यंत कुत्रा गाडीच्या मागच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला.

त्याच्या आवाजाला भुंकणं म्हणणं म्हणजे अपमान. रेड्याने सनई गिळावी तसा तो आवाज. पहिल्याच आठवड्यात तो शेजाऱ्याच्या झाडाखाली असा गायला, की बेल्जियमच्या हद्दीतल्या गायींनी दूध आवरून धरलं. नाक तर विचारू नका. तिकडे अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला कुणी लसणाची फोडणी दिली, की इकडे याच्या नाकपुड्या हलायच्या.

शेजारी कुंपणावरून विचारायचा, "शेजारीबुवा, आज वर काय आहे?"

"कबूतर."

"कालचंच?"

"कालचंच."

"मग एकदा त्याला धरून दे बाबा, म्हणजे आम्ही सगळे झोपू."

मग पुण्याहून आई आली. दारातच तिने पदर सावरला. "हा घरात राहतो? देव आहेत ना रे घरात?" पहिले काही दिवस ती भिंतीला धरून चालली. मग एकदा मटार सोलायला बसली असताना त्याने येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि ते डोकं उचलायला काही तिला जमलं नाही. "अगं बाई, किती जड आहे मेल्याचं!" असं म्हणत ती तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून तो लंबकर्ण झाला. "लंबकर्णा, पाय पूस. लंबकर्णा, तिकडे सरक, नैवेद्य आहे." तो पाय पुसायचा, सरकायचा. म्हाताऱ्याचं डच विसरून तो महिन्याभरात मराठी शिकला. मला इतकी वर्षं इथे काढून उलटं जमलेलं नाही.

नव्या घरात सत्यनारायण झाला नव्हता, हे आईला खात होतं. म्हणून पूजा ठरली. गुरुजी पुण्याहून टॅबलेटवर, पाहुणे डेल्फ्टपासून आलेले, आणि शिरा आईच्या हातचा. सव्वाच्या मापाने रवा, साखर, तूप, वर केळी, आणि बॅगेतून जपून आणलेले तासगावचे बेदाणे. बेदाण्यांना मात्र तिने माप ठेवलं नाही, परदेशात कंजुषी कशाला म्हणून.

सगळ्यांना प्रसाद मिळाल्यावर तिने आणखी एक वाटी भरली.

"आई, त्याला गोड नको," बायको म्हणाली.

"गोड नाही गं ते, प्रसाद आहे. घरातल्या कुणाला प्रसादावाचून ठेवू नये."

त्याने वाटी चाटूनपुसून लख्ख केली आणि आईकडे असं पाहिलं, की तिने दुसरी दिली. "बघा, भक्ती बघा!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो ओकत होता. तूप जास्त झालं असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. त्याच्या पुढच्या दिवशी तो दाराशी पडून राहिला. कबूतर कुंपणावर येऊन बसलं, तरी त्याने मान उचलली नाही. आम्ही तिघं त्याला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, परत आल्या आणि डचमध्ये एकेक विचारू लागल्या. उंदराचं औषध? लिलीची फुलं? द्राक्षं? रोझाइनन?

रोझाइनन म्हणजे बेदाणे. सुपरमार्केटच्या पुड्यावर रोज वाचलेला शब्द. बायकोने माझं मनगट धरलं. मी हो म्हणालो. डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं बंद पडताहेत. काही कुत्र्यांना मूठभरही पुरतात. सलाइन लावते, लघवी सुरू झाली तर आशा आहे.

आई बाकावर होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. "काय विचारते रे ती?"

बायकोने तोंड उघडलं, पण मी चपळ निघालो. "वय विचारते आहे."

मग आम्ही तिघं एका कुत्र्याच्या लघवीची वाट बघत बसलो. सिंचन खात्यानेही पाण्याची एवढी वाट पाहिली नसेल. आई देवापुढे फुलं वाहत होती. एकदा दवाखान्यात निघताना ती डबा घेऊन आली.

"फ्रीजमध्ये शिरा उरलाय. घासभर भरवू का त्याला? देवाचं आहे, गुण येईल."

"तिथे बाहेरचं चालत नाही, आई."

परत आल्यावर तो डबा मी ओट्याशी उभ्याने संपवला.

लघवी झाली नाही. डॉक्टरबाईंनी शेवटची सुई टोचली तेव्हा आईचा हात त्याच्या कानाखाली होता. ती त्याला मराठीतून काहीतरी सांगत होती, आणि त्याने शेपूट एकदा हलवली.

"सांगायला हवं त्यांना," बायको रात्री म्हणाली. "पुढे कुणाच्या कुत्र्याला देतील."

"नंतर," मी म्हणालो. आजवर जेवढ्या थापा मारल्या, त्यांतली एकही एवढी जड नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई मावशीशी फोनवर बोलत होती. आवाज रडून बसला होता, पण त्यात एक समाधान होतं. "शेवटचं पोटात काय गेलं सांगू? सत्यनारायणाचा प्रसाद! वाटीभर, चाटूनपुसून. त्यानंतर अन्नाला शिवला नाही गं. असं मरण माणसांच्या नशिबी नसतं." तिने फोन माझ्यापुढे धरला. "सांग रे मावशीला. तिला खरं वाटत नाहीये."

बायको गॅसपाशी पाठमोरी उभी होती. मी फोन घेतला.

"वाटी नाही, मावशी," मी म्हणालो. "दोन वाट्या."