गाडी सापडली आहे, कृपया पुढे पाठवू नये

किस्से मुद्दाम जपून ठेवावे लागत नाहीत. प्रत्येक घरात एक खण असतो आणि त्यात जुने चार्जर, एका कानाचे इअरफोन, कशालाच न लागणाऱ्या वायरी आपोआप साठत जातात. कुणी ठेवलेल्या नसतात आणि कुणी टाकतही नाही. आमच्या कळंबा तलावावरच्या मॉर्निंग वॉक ग्रुपचा तो खण आता बंदच होईना झालाय, म्हणून थोडा रिकामा करतो.

वॉक हा आपला म्हणायला. तलावाचा अर्धा बांध चालायचं आणि उरलेला अर्धा चहाच्या गाड्यावर बसून बघायचा. मी चित्रकलेचा रिटायर मास्तर, म्हणून सगळे सर म्हणतात. विलासअण्णा कागलच्या एमआयडीसीत फोरमन होते. शौकतभाई गाड्यांची वायरिंग करतात. आणि दत्ताजीराव आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. दूध संकलनात आयुष्य गेल्यामुळं पहाटे चारला त्यांना जाग येते, आणि त्यांना जाग आली की आमचे फोन वाजायला लागतात.

* * *

कोमट पाणी, लिंबू आणि मध. हा मेसेज दत्ताजीरावांनी ग्रुपवर टाकला, तेव्हा मी वाचला. पुढच्या महिन्यात तोच आला. मग पुन्हा आला, तेव्हा वर लाल अक्षरात 'आजच समजले' असं होतं. चौथ्यांदा आल्यावर माझं डोकं फिरलं. बांधावरच त्यांना थांबवलं आणि म्हटलं, दत्ताजीराव, हा लिंबाचा मेसेज चौथ्यांदा आलाय.

त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "चारदा आला म्हंताय, मग अजून चालू का केलं न्हाई?"

* * *

विलासअण्णांची एक जुनी पांढरी व्हॅन आहे. अण्णांची म्हणजे खरं तर शोभावहिनींची. वहिनी कांदा-लसूण चटणी करून गावोगावच्या दुकानांत स्वतः पोचवतात. व्हॅनच्या मागच्या काचेवर त्यांचं नाव आहे, अण्णांचं कुठंच नाही.

एका रविवारी अण्णा ती घेऊन मिसळीचं पार्सल आणायला गेले. स्टार्टर कुरकुर करतो म्हणून गाडी चालूच ठेवली आणि रांगेत उभे राहिले. कट वेगळा, तर्री वेगळी असं सगळं सविस्तर बांधून घेऊन बाहेर आले, तर व्हॅन नव्हती.

तक्रार द्यायला मी बरोबर होतो. हवालदारांनी विचारलं, गाडीत काही माल होता का? अण्णा म्हणाले, चटणीची पाकिटं होती. हवालदारांचा पेन थांबला. "मध्यम का जहाल?" अण्णा म्हणाले, जहाल. त्यांनी ते लिहून घेतलं.

घरी वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी ताट वाढताना एवढंच विचारलं, "मिसळ कुणी सांगितलीती?"

* * *

गाडी शोधायला आम्ही चहाच्या गाड्यावर बसून एक मेसेज तयार केला. व्हॅनचा फोटो, नंबर, खाली अण्णांचा मोबाइल. मजकूर दत्ताजीरावांचा. 'ही गाडी चोरीला गेली आहे. दिसल्यास अडवा आणि मालकाला फोन करा. इतके फॉरवर्ड करा की चोराला रस्ता उरू नये.' माझ्या मास्तरकीला राहवलं नाही. मी म्हटलं, कधी चोरीला गेली ती तारीख तरी घाला.

दत्ताजीरावांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "तारीख घातली की मेसेज शिळा हुतोय, सर. शिळा कोण पुढं पाठवंल?"

अशी ती तारीख राहिली.

* * *

दहाव्या दिवशी व्हॅन सापडली. नेसरीच्या अलीकडं एका उसाच्या फडाला लागून उभी होती. पेट्रोल संपल्यावर चोरानं तिथंच सोडली होती. आम्ही सगळे आणायला गेलतो. शौकतभाईंनी बघून सांगितलं, अण्णा, चोरानं लॉकची पार वाट लावलीय, आता चमचा घातला तरी गाडी सुरू होईल, बदलून घ्या. अण्णा म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू.

वहिनींनी मागचं दार उघडून पाकिटं मोजली. सगळी होती. फक्त एक फोडलेलं होतं, आणि तेही अर्धं खाऊन तसंच टाकलेलं.

"एकच खाल्लं?" वहिनी म्हणाल्या. "बाकीच्यांना हात लावला न्हाई?"

गाडी मिळाल्याचा आनंद तिथंच संपला. त्या आठवड्यापासून चटणीत लसूण वाढला.

* * *

गाडी घरी आली, पण मेसेज काही घरी येईना. तो आता गावोगाव फिरायला लागला होता.

महिन्याभरानं अण्णा जुन्या कारखान्यातल्या मित्राला भेटायला निघाले, तर कागलजवळ सात-आठ जणांनी गाडी अडवली. किल्ली काढून घेतली आणि अण्णांना खाली उतरवलं. अण्णा सांगत होते की गाडी माझीच आहे. त्यातल्या एका पोरगेल्या दुकानदारानं मेसेज काढला आणि मालकाच्या नंबरवर फोन लावला. अण्णांच्याच खिशात रिंग वाजली. अण्णांना वाटलं, सुटलो. त्यांनी हसत फोन काढून सगळ्यांना दाखवला.

दुकानदार मागं वळून ओरडला, "अरं, ह्येनं मालकाचा मोबाइल बी मारलाय!"

* * *

पुढं पुढं मेसेज बदलायला लागला. एकात व्हॅन काळी झाली. एकात चोर मुलं पळवणारा झाला. वहिनींच्या निपाणीच्या अक्कांनी तोच कानडीत पाठवला. मला या सगळ्याचा मनापासून संताप यायचा. गाडी एकदा चोरीला गेली होती, बातमी मात्र रोज नव्यानं चोरीला जात होती.

कहर म्हणजे दत्ताजीरावांच्या पुण्यातल्या मुलानं तो त्यांनाच पाठवला. त्यांनी तो लगोलग आमच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'सर्वांनी नीट बघा. आपल्या विलासअण्णांच्यासारखीच गाडी आहे.'

* * *

आम्ही म्हटलं, गाडी सापडल्याचा मेसेज पाठवा. तो पाठवला. तो आमच्या ग्रुपच्या बाहेर एक पाऊल गेला नाही. शौकतभाई म्हणाले, "सापडलेल्या गाडीत कुणाला इंटरेस्ट हाय?" मग त्यांनीच सुचवलं की व्हॅनला दुसरा रंग मारू.

वहिनी भडकल्या. "माझी गाडी चोरीला गेली आणि मीच तोंड लपवून फिरू? अजिबात न्हाई."

त्यांना स्वतःला तीन गावांत अडवलं. पण वहिनी त्या. गर्दी जमली की मागचं दार उघडायच्या आणि चटणीची चव द्यायच्या. तिसऱ्या गावात तर अडवायला आलेल्यानं दुकानासाठी ऑर्डर दिली. पण या भानगडीत दुकानं गाठायला उशीर व्हायचा, म्हणून अण्णांना त्यांनी काम लावून दिलं. फोन तुमच्या नंबरवर येतोय ना, मग गाडीत मी असू दे नाहीतर माझा भाऊ सुनील असू दे, एका मिनिटात सोडवायचं.

अण्णांनी एक वाक्य पाठ केलं. जेवताना, चालताना, दाढी करताना फोन आला की ते नंबरही न बघता म्हणायचे, "जुना मेसेज हाय. गाडी सापडलीया. सोडा त्यास्नी."

मग वहिनी दत्ताजीरावांच्या घरी गेल्या. तिथं काय झालं ते कुणी सांगत नाही. परत आल्या त्या दिवसापासून लिंबू-मध बंद झालं.

* * *

सुधारलेले दत्ताजीराव पहिल्यापेक्षा वाईट निघाले. ग्रुपवर काहीही आलं की वाचायच्या आधी त्यांचा शिक्का पडायचा. 'जुना मेसेज. कृपया पुढे पाठवू नये. ॲडमिन.' पाणी येणार नाही असं कुणी कळवलं, जुना मेसेज. मी माझ्या नातवाच्या बारशाचा फोटो टाकला, जुना मेसेज.

शौकतभाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकली. त्याखालीही शिक्का आला. शौकतभाईंनी फोनच लावला. "दत्ताजीराव, लग्न परवा हाय. जुनं कसलं?"

दत्ताजीराव म्हणाले, तरी एकदा खात्री करून घ्या.

* * *

आता मागच्या रविवारचं सांगतो.

वहिनींना गडहिंग्लजच्या बचत गटांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल मिळाला होता. पंधरा दिवस त्या घरात चटणीशिवाय काही शिजलं नाही. अण्णा मिरच्या निवडून निवडून शिंकत होते. वहिनी मला म्हणाल्या होत्या, सर, एवढा एक स्टॉल नीट झाला तर दुकानदारांच्या मागं फिरायला नको, ते माझ्याकडं येतील. बोर्ड मीच रंगवून दिला. शनिवारी संध्याकाळी सगळा माल व्हॅनमध्ये भरून झाला. लॉकचं मी विचारलं, तर अण्णा म्हणाले, आता प्रदर्शन झालं की बदलू.

रविवारी सकाळी मी निरोप द्यायला म्हणून गेलतो. वहिनी आत नवं लुगडं नेसत होत्या. अण्णा आणि मी सोप्यात चहा घेत बसलो होतो. अण्णांचा फोन वाजला. त्यांनी बशी न ठेवताच तो कानाला लावला.

"हां. व्हय, माझीच. जुना मेसेज हाय, पावणं. गाडी सापडलीया. कोण हाय गाडीत? बाप्या हाय? मग मेव्हणा आसंल माझा. सोडा त्येला. आणि लय तरास देऊ नका, च्या पाजा आणि लावून द्या."

फोन ठेवून अण्णांनी उरलेला चहा संपवला.

आतून वहिनींनी विचारलं, कुणाचा फोन? अण्णा म्हणाले, नेहमीचाच. कागलला सुनीलला अडवलंतं, सोडवला.

वहिनी दारात आल्या. हातात गाडीची किल्ली होती. त्यांच्या मागून हातात डबा घेऊन सुनील बाहेर आला.

आम्ही चौघांनीही एकदमच रस्त्याकडं बघितलं. व्हॅन उभी असायची त्या कडुलिंबाखाली फक्त तेलाचा एक डाग होता.

अण्णांनी फोन परत लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, गेलं की पावणं, धा मिंटं झाली, निपाणीच्या अंगाला गेलं. लय गुणाचा मेव्हणा हाय तुमचा.

पाठोपाठ त्यानं फोटोही पाठवला. व्हॅनपुढं सहा जण हसत उभे होते. मधल्याच्या एका हातात चहाचा कप होता. बाकीच्या पाचांच्या हातात चटणीचं एकेक पाकीट होतं. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या सांगण्याप्रमाणे चहा पाजून सोडले. मेव्हण्यांनी आग्रहाने चटणी दिली. आता पहिल्यापेक्षा भारी झाली आहे म्हणत होते.'

वहिनींनी अण्णांच्या हातातून फोन घेतला. फोटो मोठा करून मधल्या माणसाकडं बराच वेळ बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण बोटं थांबली नाहीत. त्यांनी तो फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'गाडी आत्ता चोरीला गेली आहे. हा चोर आहे. निपाणीकडे गेला आहे. ताबडतोब सगळीकडे पाठवा.' या वेळी त्यांनी तारीखही घातली आणि वेळही घातली.

एक मिनिटही झालं नसेल, ग्रुपवर उत्तर आलं.

'जुना मेसेज. गाडी सापडली आहे. कृपया पुढे पाठवू नये. ॲडमिन.'

त्याखाली अंगठे यायला लागले.