बहिरी बघण्यासाठी घेतलेली दुर्बीण

जव्हार संस्थानात मी देवी काढायचं, म्हणजे देवीची लस टोचायचं, काम करत असे. हिवाळा लागला की लशीची पेटी खांद्याला अडकवायची आणि जामसर, दाभोसा, वांगणी असं पायी फिरायचं. पाखरांचा नाद मला या चालण्यातच लागला. दाभोशाला ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर मी उतरत असे, त्यानंच एकदा मला दरीच्या तोंडाशी नेऊन समोरच्या कड्यातली कपार दाखवली. तिथं एक ससाणा बसला होता. अंतर फार होतं, पण तो झेपावला तेव्हा त्याचा वेग पाहून माझी खात्री पटली. ती बहिरी होती, ससाण्यांतली सगळ्यांत वेगवान.

त्याच महिन्यात जव्हारला एका लग्नाच्या मांडवात मी हे उत्साहानं सांगत बसलो. शेजारी लाकडाचे एक बडे ठेकेदार होते. शिकारीचा शौक, घरी तिपाईवर बसवलेली हातभर लांब पितळी दुर्बीण, आणि पाखरू म्हटलं की शेवटचा शब्द त्यांचाच.

"बहिरी? दाभोशाला?" ते मोठ्यानं म्हणाले. "साधा शिक्रा पाहिला असेल तुम्ही. बहिरी बघायला एवढं लांब कशाला जायचं? ती तर तुमच्या घरीच आहे की!"

मांडव हसला. माझ्या बायकोला लहानपणीच्या तापात ऐकू येईनासं झालं होतं. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं ओळखायची, पण ठेकेदारांची तिच्याकडे पाठ होती. बायकांच्या पंगतीतून तिला एवढंच दिसलं की सगळे आपल्याकडे बघून हसताहेत. काहीतरी कौतुकाचं चाललंय असं समजून तीही हसली. ते हसू मी विसरलो नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणत होते हो?" मी म्हटलं, "काही नाही." चार दिवसांनी शेजारणीनं तिला सगळं सांगितलं.

मग गावभर ते चालू झालं. पोस्टात, किराण्याच्या दुकानात, "काय, आज बहिरी दिसली का?" मी हसून पुढे जायचो आणि मनात ठेकेदारांवर डूख धरून असायचो. त्यांना चारचौघांत खाली बघायला लावायचं, एवढं एकच मनात होतं. त्यासाठी दुर्बीण हवी होती.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं बैलगाडीनं डहाणूला आणि तिथून आगगाडीनं मुंबईला गेलो. जुन्या वस्तूंच्या बाजारात घड्याळं आणि जहाजांवरचं सामान विकणारा एक म्हातारा दुकानदार होता. त्यानं तीन दुर्बिणी काढल्या. पहिली ठेकेदारांच्या दुर्बिणीसारखीच, तिपाईसकट. माझा हात आधी तिच्याकडेच गेला.

"कुठं नेणार?" दुकानदारानं विचारलं.

"डोंगरात. पायी. खांद्यावर दुसरी पेटी असते."

"मग ही दुसऱ्या दिवसापासून घरीच राहील."

दुसरी नाटकगृहात नेतात तसली जोडदुर्बीण होती. हलकी, स्वस्त, पण तिच्यातून समोरच्या गच्चीवरचं कबुतर जेमतेम दुप्पट दिसत होतं. तिसरी खलाशाची. तीन नळ्या एकमेकींत सरकवल्या की वीतभर उरायची. वरचं चामडं सोललेलं, भिंगाच्या कडेला एक ओरखडा, म्हणून माझ्या ऐपतीत बसणारी.

बायकोनं माझ्या हातातून ती घेतली. कान गेल्यापासून तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार होती. दुकानाच्या दाराशी उभं राहून तिनं लांबच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पाहिलं, मग आडव्या तारेवरचा कावळा. मग भिंग उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का बघितलं. नळ्या दोनदा ओढून बंद केल्या.

"पहिलीत मोठं दिसतं, पण कडेला निळा-तांबडा रंग सुटतो आणि हात हलला की सगळंच हलतं," ती म्हणाली. "हिच्यात लहान दिसतं, पण पीस न् पीस वेगळं दिसतं. ही घ्या. काठीच्या बेचक्यात टेकवलीत की झालं."

दुकानदार मान हलवत राहिला. पैसे देताना तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "पाखरं बघायला घेताय, की ठेकेदारांना दाखवायला?"

"पाखरं बघायला," मी म्हटलं. ती ओठ वाचायची. खोटंही वाचत असावी.

माघात मी दाभोशाला होतो आणि ठेकेदार पाहुण्यांना घेऊन तिथंच मुक्कामाला आले. त्यांची पितळी दुर्बीण अर्थातच घरी होती. सकाळी मंडळी दरीपाशी जमली, तेव्हा मी बेचक्यात दुर्बीण लावून तयार होतो. शेजारी तो म्हातारा शेतकरी. कपारीत बहिरी बसलेली. गालावर मिशीसारखा काळा पट्टा, पोट तांबूस, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"शेठ, बहिरी," मी म्हणालो. "बघून घ्या."

ते हसत पुढे आले. पाहुण्यांना उद्देशून काहीतरी बोलले, आणि तेवढ्यात बहिरी कपारीतून सुटली आणि दरीत खाली गेली. मला दिसलं. म्हाताऱ्याला दिसलं. मी सांगू शकलो असतो. मी सांगितलं नाही.

ठेकेदारांनी वाकून डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "शिक्राच," ते म्हणाले. "शेपटीवरचे पट्टे बघा ना, कसे ठळक दिसताहेत."

"पाखरू तं कवाच उडालं," म्हातारा म्हणाला.

पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी दुर्बिणीला डोळा लावला. "कपार रिकामी आहे," ते हळूच म्हणाले. मग खालून पारवा पकडून बहिरी वर आली, आमच्या डोक्यावरून वळली आणि कपारीत उतरली. त्या गृहस्थांनी पुन्हा पाहिलं. "बहिरीच. आमच्याकडे पाळलेल्या होत्या."

मी वर्षभर घोकलेलं वाक्य तेव्हा बोललो. "शेठ, बहिरी माझ्या घरी आहे हे खरं. पण माझ्या घरी न दिसलेलं कुणी दिसलं म्हणत नाही."

उत्तर द्यायला ते माझ्याऐवजी म्हाताऱ्याकडे वळले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते नुसते खोटं बोलले नव्हते. त्यांना कपारच दिसली नसावी. परतताना पायवाटेवर त्यांनी पाहुण्याचा हात धरला होता, आणि तो सोडत नव्हते. मी ते शेवटपर्यंत बघत राहिलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, अगदी समोर बसून, एकही शब्द न गाळता. मला वाटलं ती सुखावेल.

"त्यांचे डोळे जाताहेत," ती म्हणाली. "आणि ते तुम्ही पाहुण्यांसमोर उघडं केलंत. मांडवात त्यांनी माझं केलं तसंच."

"मला आधी ठाऊक नव्हतं."

"पाखरू उडालेलं ठाऊक होतं ना?"

दुसऱ्या दिवशी ती मोखाड्याला माहेरी गेली. जाताना दुर्बीण घेऊन गेली. तीन आठवड्यांनी परतली ती तिथल्या ओढ्यावर पाहिलेल्या पाखरांबद्दल भरभरून बोलत. त्या सकाळचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही नाही. लोकांनी मात्र काढला. पोस्टातली ती थट्टा त्याच महिन्यात थांबली.

दोनेक वर्षांनी तिनंच जेवायला वाढताना सांगितलं की ठेकेदारांना आता काहीच दिसत नाही, घरातसुद्धा भिंत धरून चालतात. मला वाईट वाटायला हवं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.