मेथीचे लाडू आणि लखनौचा होकार

१९९६ साली लखनौमधल्या इंदिरा नगरच्या सुनेत्राबाईंना एका आरोग्य संशोधन संस्थेचं पत्र आलं. नीतिसमितीवर 'सामान्य नागरिक' म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. यजमान बँकेत अधिकारी, दोन्ही मुलं इंजिनियर. घरात सामान्य त्या एकट्याच. "बघा, आता शिक्क्यासकट सामान्य आहे मी," त्या यजमानांना म्हणाल्या आणि पत्र देवाजवळ ठेवलं.

डॉक्टर मंडळी लोकांवर जे अभ्यास करणार, त्यांत कुणावर जबरदस्ती नाही ना, हे पाहून समिती मंजुरी द्यायची. बाकीचे सदस्य आकडे बघत. सुनेत्राबाई माणसं बघत.

त्या दिवशी समोर दीप्ती होती, नागपूरहून आलेली तरुण डॉक्टर. आलमबागच्या एका दवाखान्यातून घरी गेलेल्या बाळंतिणी पुन्हा तपासणीला का येत नाहीत, हे ती घरोघरी जाऊन विचारणार होती. समिती तीन महिन्यांतून एकदाच बसे. आज मंजुरी हुकली, तर वर्षाच्या शिष्यवृत्तीतले तीन महिने वाया.

"वीसजणींना आधी विचारून पाहिलं," ती उत्साहाने म्हणाली. "वीसही जणी म्हणाल्या, जी, ज़रूर!"

सुनेत्राबाई चपापल्या. लखनौतल्या पहिल्याच चैत्रात त्यांनी चौदा शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. चौदाजणी म्हणाल्या होत्या, जी, ज़रूर. मग तीन दिवस घरात वाटली डाळच होती. या शहरात दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं म्हणजे त्याला हाकलून देणंच. पोरगी गुणी होती, पण या वीस होकारांवर सही कशी करायची?

"क्यों सुनेत्राजी, मंज़ूर?" अध्यक्ष रिझवीसाहेबांनी विचारलं.

"पहले लड्डू लीजिए." त्यांनी पिशवीतून डबा काढला. गुडघेदुखीसाठी केलेले मेथीचे लाडू, गूळ अगदी बेताचा.

"जी, ज़रूर!" साहेबांनी घास घेतला. डोळ्यांत पाणी तरळलं.

"कैसे हैं?"

"बहुत ख़ूब!"

"एक और?"

"जी... ज़रूर."

जरा वेळाने सुनेत्राबाई म्हणाल्या, "साहब, फाइल उठाइए."

फाइलीखाली दीड लाडू होता. सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने रिझवीसाहेब.

"आप तो अध्यक्ष हैं, फिर भी ना नहीं कह पाए," सुनेत्राबाई म्हणाल्या. "दरवाज़े पर डॉक्टरनी खड़ी हो, तो वो बेचारी क्या कहेगी?"

दीप्तीचा चेहरा पडला. "काकू, म्हणजे मंजुरी नाही?"

"आहे गं. फक्त त्यांना नाही म्हणायला जागा ठेव. अभ्यासाच्या माहितीचा कागद वाचून दाखव, घरात ठेव आणि निघून ये. जिला बोलायचं असेल ती अंगणवाडीच्या ताईकडे निरोप ठेवेल. निरोप आला नाही, तर ते दार पुन्हा वाजवायचं नाही. आणि कोण हो म्हणाली, कोण नाही, हे कुणालाच कळता कामा नये, दवाखान्यातसुद्धा."

रिझवीसाहेबांनी ही अट स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली सही केली.

महिन्याभराने दीप्ती इंदिरा नगरला धावत आली. "काकू! चाळीस घरी कागद ठेवले, एकोणतीस निरोप आले. दहाजणी गप्प. आणि एकीने तर चक्क 'नहीं' असं कळवलं!"

"लखनौत? कोण गं ही?"

"नाव नाही सांगायचं. तुमचीच अट."

सुनेत्राबाईंनी खुशीत डबा पुढे केला. "घे, ताजे आहेत."

दीप्तीने लाडवाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नको, काकू."

"शाब्बास," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी पेरू कापायला उठल्या.