खिडकीच्या मधोमध नसलेला नळ

आमचे नळवाले मिस्त्री कामावर आले की पहिला अर्धा तास अवजारांना हात लावत नसत. बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "हं, करा तुमचं काम. मी नाईच असं समजा." मग ती बाई कशी वळते, भांडं कोणत्या हाताने उचलते, हे बघत राहायचे. मला सुरुवातीला हा निव्वळ कामचुकारपणा वाटला होता.

कामठीहून शेअर ऑटोने यायचे. कानामागे पेन्सिल, खांद्याला मळकी पिशवी. सांडपाण्याच्या पाइपाचा उतार तीन-तीनदा तपासायचे. "पाण्याशी जबरदस्ती नाई चालत ताई. उतार देला का ते आपल्या मनानं जाते." आमच्या न्हाणीघराचं काम त्यांनीच केलं होतं आणि तिथे कधी थेंब गळला नाही. म्हणून स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा त्यांनाच बोलावलं.

आमचं जुनं सिंक डाव्या भिंतीच्या टोकाला, अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. ते समोरच्या भिंतीवर, खिडकीखाली न्यायचं असं मी ठरवलं. मी शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे मधोमध म्हणजे मधोमध. पट्टी घेऊन आकृतीच काढून दिली. आईला म्हटलं, "भांडी घासताना उजेड मिळेल तुला." ती नुसतं "बरं" म्हणाली. पंचाहत्तरी उलटली तरी तिने ओटा कोणाच्या हाती दिला नव्हता. मग आताच ती इतकी गप्प का, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मिस्त्री तिला दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर सिंक आणि नळ बसलेले, पण खिडकीच्या चांगले वीतभर डावीकडे. माझं डोकंच फिरलं. आकृती त्यांच्यापुढे नाचवत मी नको नको ते बोलले. "दिसत नाही का तुम्हाला?" इथपर्यंत गेले.

त्यांनी हात पुसले, मला अंगणात नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मले दिसते ताई. काकूले उजवीकडचं दिसून नाई राहिलं. माही पिशवी उजवीकडं होती तं दोनदा अडखळल्या. डावीकडं ठेवली तं बरोबर चुकवली. काकू पाहून नाई चालत, मोजून चालतात. डावा हात भिंतीले, दारापासून चार पावलं. चौथ्या पावलाले जिथं हात पडते, नळ तिथंच ठेवला म्या."

मी आत येऊन आईला विचारलं. ती पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू मले गॅसजवळ उभी राहू देली असती काय वं?" नसतीच दिली. एका घरात राहून मला जे कळलं नाही, ते पालथ्या बादलीवर बसलेल्या माणसाला दोन दिवसांत कळलं होतं. मला फार लाज वाटली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंबांवर टिकवता येणार होती, तीही वेळेत आलो म्हणून.

नव्या नळाचं पहिलं पाणी घरच्या बाईच्या ओंजळीत पडलं पाहिजे, असा मिस्त्रींचा नेम होता. काम संपलं तेव्हा त्यांनी आईला दारातूनच हाक मारली, "या काकू." ती आली, चार पावलं चालली आणि तिचा हात सरळ नळावर पडला. मी मिस्त्रींची माफी मागितली तर ते हसले. "भिंतीले पाहून नळ लावाचा तं मंग भांडेही भिंतच घाशीन ना ताई?"

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत रडले. आईने त्या दिवशीही दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतःच केला.

परवा वायसर बदलायला एक नवे मिस्त्री आले होते. आल्याआल्या पिशवी उघडली, पाना काढला, पाच मिनिटांत काम उरकलं. मग दोन पावलं मागे सरून खिडकीकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे कोणं लावलं? मधात नाई आहे. सरकवून देऊ काय?"

दारातून आई आत येत होती, डावा हात भिंतीला लावून.

"नको," मी म्हणाले. "ते बरोबर मधोमध आहे."