पोट उतरलं आणि सोयरीक अडली

माझं पोट म्हणजे नशिराबादची शान. मी वळणावर दिसायच्या आधी ते चौकात पोहोचायचं. लोक त्याला रामराम घालून मग माझी वाट पाहायचे. दारूला मात्र मी कधी शिवलो नाही. ते काम माझ्या चुलतभावाचं. अंगानं सायकलच्या तारेएवढा, आणि शास्त्र पक्कं : "साखर गोडखाऊले होते, भाऊ. मी कडू पेतो. कडूनं गोड मरतं." मला ते पटायचं.

पायाला मुंग्या येतात म्हणून मी जळगावला डॉक्टरांकडे गेलो, तर हा सोबतीला आला. दोघांचंही रक्त तपासलं. दोघांनाही साखर, आणि त्याची माझ्याहून जास्त! "तुम्ही पोट उतरवा," डॉक्टर मला म्हणाले. त्याला म्हणाले, "तुम्ही दारू सोडा. बारीक आहात म्हणून सुटका नाही." परतताना रिक्षात आम्ही एकमेकांकडे चोरासारखे पाहत होतो.

मी रोज जळगावला जाऊन मेहरूण तलावाला इतक्या फेऱ्या मारल्या की तिथले बगळे मला वाट द्यायला लागले. सहा महिन्यांत पोट गेलं, मुंग्याही कमी झाल्या. अन् गाव काय म्हणतं? "बठ्ठा सुकाई गया ना भाऊ! पेवाले लागना का काय?" तिकडे चुलतभावानं दारू सोडली, जेवायला लागला, जरा भरला, त्याला मात्र लोक थांबवून शाबासकी देत होते.

हसलो असतो, पण मुलीसाठी आलेलं एक स्थळ 'बाप पितो' ऐकून परत गेलं. दुसरे पाहुणे धुळ्याहून यायचे होते. मुलीला मुलगा आवडला होता.

"असे वाळके पुढे बसू नका," बायको म्हणाली, आणि भर मे महिन्यात तिनं माझ्या पोटाला गोधडी गुंडाळून वर सदरा चढवला. घामाचे असे लोट वाहिले की गिरणेला पूर यावा.

पंगतीत वरण-बट्टी. मी दोन बट्ट्यांवर थांबलो, तसे मुलाचे वडील ओरडले, "एवढी तब्येत अन् दोनच? वाढा हो, भाऊंना तूप वाढा!" नाही म्हणावं तर गोधडीची लाज. सहा खाल्ल्या. मुलाची आई खूष : "घर खातंपितं आहे." सुपारी फुटली.

हात धुताना पाहिलं, तर मुलाचे वडील भिंतीकडे तोंड करून गुपचूप गोळी घेत होते. पाकीट मी साखरेवर घेतो त्याच गोळीचं. "ॲसिडिटी," ते म्हणाले. जाताना माझा हात धरून बजावलं, "लग्नापर्यंत तब्येत अशीच ठेवा, भाऊ."

कोणती? डॉक्टरांनी सांगितलेली की त्यांना दिसलेली? मी मुलीलाच विचारलं. गोधडीची गाठ सोडता सोडता ती एवढंच म्हणाली, "पप्पा, कन्यादानाला तुम्ही लागाल."

केवढा, ते तिनं सांगितलं नाही.